एक प्रकारचं पाणी

आमच्या नातीने, ऋताने, अमेरिकेत अ‍ॅशबर्नला नोकरी करता करता एका दुपारी कोर्टात जाऊन लग्न उरकलं आणि संध्याकाळी आम्हाला फोनवर नवरा दाखवला, ते साल दोन हजार चोवीस. नवरा बरा होता. हात हलवून "नमस्ते आजी" म्हणाला. तिची आई सुमेधा रडली. बाप, आमचा मुलगा रवींद्र, "इट्स ओके, इट्स ओके" म्हणत लॅपटॉपकडे बघत राहिला. आणि आजोबा, म्हणजे माझे मालक, एवढंच म्हणाले, "कोर्टात लोक सुटायला जातात. ही अडकायला गेली."

मालकांचं नाव पुरुषोत्तम. बायकोने नाव घ्यायचं नसतं. पण लिहिताना घेते, नाहीतर कोण कुणाला बोलतंय ते वाचणाऱ्याला कळायचं नाही. तसंही मी अक्षरं शिकले तेव्हा केस पिकायला लागले होते, आणि पाटीवर स्वतःच्या नावानंतर पहिलं लिहिलं ते त्यांचंच. तेव्हा त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

पुरुषोत्तमरावांनी उभी हयात कृष्णाकाठच्या साखर कारखान्याचा उसाचा ट्रक चालवला. त्यांच्या मते जगात दोन जातीची माणसं. एक ज्यांना स्टेअरिंग कळतं ती, आणि दुसरी बाकीची सगळी. रवींद्र दुसऱ्या जातीत. तो मिशिगनमध्ये नोव्हायला एका कंपनीत इंजिनिअर आहे. ट्रकच्या धुराच्या नळीत आता एक जाळीचा डबा बसवतात. काजळी त्यात अडकते. डबा भरला की ट्रक स्वतःच जास्तीचं डिझेल जाळून आतली काजळी जाळून टाकतो. पुढे दुसऱ्या डब्यात एक औषध फवारलं जातं. हे सगळं नीट चाललंय का ते बघायला बोटाएवढे सेन्सर, आणि त्यांच्या डोक्यावर एक कॉम्प्युटर. सेन्सर चुगली करतात, कॉम्प्युटर शिक्षा देतो. ती शिक्षा कधी द्यायची आणि किती द्यायची, हे लिहायचं काम रवींद्रचं.

"धूर मोजायची नोकरी," मालक गावाकडून फोन आला की सांगायचे. "आमच्यात धूर निघायचा. ह्यांच्यात मोजतात."

त्याच वर्षी रवींद्रने शेत घेतलं. मिशिगनचा नकाशा हातमोज्यासारखा दिसतो. त्याच्या अंगठ्यात, बॅड अ‍ॅक्स नावाच्या गावाजवळ. बॅड अ‍ॅक्स म्हणजे वाईट कुऱ्हाड. असलं नाव असलेल्या गावाशेजारी पायावर धोंडा पाडून घ्यायला आपला माणूस गेला नाही तरच नवल. तिकडे साखरेचं बीट पिकतं. मुळ्याच्या थोरल्या भावासारखं, चिखलाच्या रंगाचं, दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं. त्याची साखर होते म्हणे. मालकांनी एक कापून चाखलं आणि थुंकले. "ह्याच्यापरीस उसाचं वाडं गोड."

तिकडचा कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा. त्यात नव्या माणसाला सहजासहजी घेत नाहीत. शेजारचा लेरॉय म्हणून म्हातारा आहे, जर्मन वळणाचा, दोन दात नसलेला. त्याने शब्द टाकला म्हणून रवींद्रला घेतलं. अट एकच, पहिल्या वर्षी आपल्या पाळीला आपलं बीट कारखान्याच्या ढिगावर पोचलं पाहिजे. लेरॉयचं यंत्र बीट उपटणार, आपला ट्रक ते वाहणार. पोचलं तर रवींद्र शेतकरी. नाही पोचलं तर लेरॉयचा शब्द गेला, आणि पुढच्या वर्षी पाळी नाही. नोकरी सोडून कायमचं इथे यायचं रवींद्रच्या मनात होतं. ते सगळं त्या पाळीवर टांगलेलं.

आम्हा दोघांना त्याने शेतावरच्या लाकडी घरात आणून ठेवलं. "तुम्हाला इथे गावासारखं वाटेल," म्हणाला. वाटलं. माणूस दिसायचं नाही आणि वारा थांबायचा नाही.

ट्रक आला तो जुनाच, पण आमच्या मालकांच्या दृष्टीने नवाकोरा. दहा चाकी, पांढरा, उंच हौद्याचा. मालकांनी त्याच्याभोवती चक्कर मारली, टायरला लाथ घालून पाहिली. मग धुराच्या नळीत हात घातला आणि बाहेर काढून बघितला. तळवा कोरा.

"ह्यो चालतोय तरी का?"

"बाबा, तेच तर. फिल्टर आहे ना. सगळं त्यात अडकतं."

"आमच्या गाडीच्या नळीत हात घातला तर कोपरापर्यंत काळा व्हायचा. तवा कळायचं, गाडी राबतीय."

लेरॉयनेही आपला ट्रक दाखवायला आणला. चाळीस वर्षांचा, ना फिल्टर, ना सेन्सर. मालकांनी त्याच्या नळीत हात घातला. काळा हात वर करून मला दाखवला, लग्नातली मेंदी दाखवतात तसा. लेरॉय हसला. एकाचं मराठी, दुसऱ्याचं इंग्रजी, पण त्या दिवसापासून दोघांचं जमलं. दोघंही खोकायचे. लेरॉय विडीचा, आमचे धुराचे.

रवींद्र ट्रकमध्ये डिझेल भरत होता तेव्हा मालक त्याच्यामागे उभे होते. डिझेलच्या टाकीच्या शेजारी एक लहान टाकी, निळ्या झाकणाची. रवींद्रने पांढऱ्या कॅनमधून तिच्यात थोडं काहीतरी ओतलं. पाण्यासारखं स्वच्छ.

"निळ्यात काय घालतोस?"

रवींद्रच्या कानात ऑफिसचा फोन होता. तिकडे कुणाला तरी थांबवून तो म्हणाला, "ते ना बाबा, एक प्रकारचं पाणी असतं. धूर साफ करायला." आणि परत फोनवर इंग्रजी सुरू केलं.

एक प्रकारचं पाणी. अठरा वर्षं ज्या कामावर जेवला, ते बापाला सांगायला त्याला इतकेच शब्द सुचले.

दसरा आला. सुमेधा आणि रवींद्र नोव्हायहून आदल्या दिवशी आले. आपट्याची पानं मिळाली नाहीत म्हणून सुमेधाने अंगणातली लाल मेपलची गोळा केली.

"बाबा, सोनं घ्या."

"हे सोनं व्हय?" मालकांनी पान उलटंसुलटं केलं. "तांबं म्हण."

झेंडू मात्र माझा होता, घरामागे लावलेला. त्याच्या माळा केल्या, ट्रकला बांधल्या. चाकाखाली लिंबू ठेवलं. इथलं लिंबू मेणाने चकचकीत केलेलं असतं, ते चाकाखालून निसटून गवतात पळालं. नारळ फुटला. रवींद्रने फोटो काढले आणि बीट बघायला शेताकडे गेला. सुमेधा आणि मी पोळ्यांना लागलो.

कारखान्याच्या ड्रायव्हर लोकांची एक रीत होती. दसऱ्याला आधी गाडीला पाणी पाजायचं. बैलाला पाजतात तसं. कृष्णेवरून बादली आणायची, गाडीच्या रेडिएटरचं झाकण काढायचं आणि आत ओतायचं, मग माणसांनी जेवायचं. इथल्या ट्रकचं रेडिएटर बंद, त्याला हात लावायचा नाही असं रवींद्रने बजावलेलं. मी खिडकीतून बघितलं, पुरुषोत्तमराव नळाखाली बादली भरत होते. देवघरातला तांब्याचा गडू त्यांच्या काखेत. त्या गडूत कृष्णेचं पाणी होतं, मी गावाहून येताना सील करून आणलेलं. मला वाटलं चाकं धुतायत. उलथनं फिरवायला मी वळले.

संध्याकाळी गडू रिकामा दिसला.

"पाणी कुठं गेलं?"

"शेताला शिंपडलं."

शेताला. बरं केलं म्हटलं.

ऑक्टोबर संपत आला आणि आमची पाळी लागली. सकाळी गवत पांढरं होऊन कडकडायचं. लेरॉयचं यंत्र चिखलातून बीट उपटत चालायचं, आणि त्याच्या बाजूने रवींद्र ट्रक घेऊन. बीट हौद्यात पडताना आवाज यायचा, कुणीतरी आत बसून दार ठोठावतंय तसा. रवींद्रने ऑफिसातून रजा काढली होती. त्याच्या तळव्यांना फोड आले होते आणि तो ते सुमेधाला पुनःपुन्हा दाखवत होता. मालक त्याच्या शेजारी बसायचे. त्यांना इथलं लायसन मिळत नव्हतं, म्हणून पट्टा बांधून गप्प बसायचं. पट्टा सैल केला की ट्रक टुंगटुंग वाजायचा. "मास्तरणीगत वरडतीया," म्हणायचे आणि परत बांधायचे.

पहिल्याच दिवशी दुपारी ट्रकच्या काचेखाली पिवळा दिवा लागला. दुसऱ्या दिवशी चढावर ट्रक दम टाकायला लागला. रवींद्रने स्टेअरिंगखाली वायर जोडली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. जेवताना तो आम्हाला सांगत होता.

"फ्लुइड क्वालिटीचा कोड आहे. म्हणजे निळ्या टाकीतलं फ्लुइड खराब आहे असं सेन्सर म्हणतोय."

"खराब म्हणजे?" मी विचारलं.

"त्यात युरिया असतो, ठरलेल्या प्रमाणात. पाणी मिसळलं गेलं की प्रमाण बिघडतं, मग हा कोड येतो. पण आपण सील्ड कॅनमधून भरतो, पाणी येणार कुठून? सेन्सरच फॉल्टी आहे. ह्या सप्लायरचे असेच असतात, आमच्याकडे रोज कम्प्लेंट्स."

मालकांचा हात भाकरीचा तुकडा घेऊन तोंडापाशी थांबला. मग त्यांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "ठेचा वाढ."

मला बादली आठवली. गडू आठवला. मी ठेचा वाढला.

"आता काय होणार?" सुमेधाने विचारलं.

"आधी नुसता दिवा. मग जोर कमी. तरी दुरुस्त केलं नाही तर ताशी पाच मैल, त्याच्या वर जात नाही."

"हे कोण ठरवतं?" मालकांनी विचारलं.

"आम्हीच. म्हणजे नियम सरकारचा, लॉजिक आमचं."

"मग तूच उठव की ही शिक्षा."

"मला अलाउड नाही, बाबा. कायदा आहे."

"म्हणजे फाशी देणारा तू. आणि दोर सैल करायचा हक्क मात्र तुला न्हाई."

रवींद्र ताट घेऊन उठला.

दुसऱ्या दिवशी वाळत घातलेली चादर काढताना मी मालकांना गाठलं. "त्याला काही सांगायचं राहिलंय का तुमचं?"

"काय राहायचंय?"

"मी खिडकीत होते दसऱ्याला."

चादरीचं दुसरं टोक त्यांनी नीट घडी घालून माझ्या हातात दिलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी चादरीला हात लावला नव्हता. "बाईमाणसानं गाडीतलं बोलू नये," म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. गोठ्यात गुरं नव्हती. तिथे जाऊन ते नुसते उभे राहायचे.

मी सांगितलं नाही. ज्याने ओतलं त्याने तोंड उघडावं. शिवाय मला बघायचंही होतं. मुलगा बापाला शहाणा समजत नाही, बाप मुलाला पुरुष समजत नाही, आणि मध्ये ट्रक.

रवींद्रने नवा सेन्सर मागवला. तो यायला दिवस गेले. ट्रक कमी जोरावर अर्ध्याच भाराने फेऱ्या करत राहिला, यंत्र शेतात उभं राहून वाट बघायचं आणि लेरॉय विडी ओढायचा. लेरॉयने एकदा विचारलं, फ्लुइड तपासलं का? रवींद्र म्हणाला, "सील्ड कॅन्स." लेरॉयने खांदे उडवले. मध्येच एका दुपारी ट्रकने काजळी जाळायची वेळ झाल्याचं जाहीर केलं. अंगणात उभ्या उभ्या त्याने इंजिन गरगरवलं, नळीतून भट्टीसारखी गरम हवा सोडली आणि माझे उरलेले झेंडू करपवले. तासभर डिझेल जाळून तो शांत झाला, आणि एक इंचही पुढे गेला नव्हता.

"राबायच्या वेळेला आंघोळ," मालक म्हणाले. "माझी गाडी धूर सोडायची पण काम करायची. ही धूर सोडत न्हाई अन् कामबी करत न्हाई."

तेव्हा रवींद्रचा तोल गेला. "तुमच्या छातीत जे साठलंय ना बाबा, तेच हा फिल्टर धरतो. डॉक्टरने एक्स-रे दाखवला होता तुम्हाला."

"मग माझ्या नाकाला लाव की त्यो. गाडीला कशाला?"

"विल यू प्लीज..." एवढं म्हणून रवींद्र आत गेला. सुमेधाने माझ्याकडे बघितलं. मी भांडी घासत राहिले.

नवा सेन्सर आला. रवींद्रने गारठलेल्या बोटांनी तो बसवला, नखं निळी पडली. ट्रक चालू केला. नव्या सेन्सरनेही तेच सांगितलं. रवींद्रने तोही खोटाच ठरवला. त्या घरात आम्ही चौघं होतो. पहिल्या दिवसापासून खरं बोलणारा एकटा तो सेन्सर, आणि त्याचं ऐकायला कुणी तयार नाही. त्याला जन्म देणाऱ्या खात्यातला माणूस तर मुळीच नाही.

ट्रकच्या कंपनीच्या दुरुस्तीवाल्याने तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली. हवामानवाले सांगत होते की शनिवारपासून कडक थंडी, जमीन गोठणार. बीट एकदा गोठून सुटलं की सडतं, ते ढिगावर घेत नाहीत. अर्धं शेत अजून जमिनीत होतं. आणि शुक्रवारी सकाळी ट्रक ताशी पाच मैलांवर आला.

लेरॉयने तोडगा काढला. त्याच्या ओळखीचा एक जण होता, तो दुपारी लेरॉयच्या शेडमध्ये यायला तयार होता. तो फिल्टरचे डबे कापून टाकतो, तिथे सरळ नळी जोडतो आणि कॉम्प्युटरला नवा धडा शिकवतो की सगळं ठीक आहे. हे बेकायदा. रवींद्रच्या कंपनीत कळलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल रिकामं. ज्या चोरीवर पहारा ठेवायचा पगार घेतो, तीच चोरी. सुमेधा म्हणाली, "रवी, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? इन्शुरन्स तुझ्या जॉबवर आहे. बाबांची औषधं त्याच्यावर आहेत."

"मग काय करू? लेरॉयने माझ्यासाठी शब्द टाकलाय. बीट सोडून देऊ?"

मालक खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. एक नाडी बांधून झाली तरी तीच बांधत होते.

ट्रक निघाला. पुढे रवींद्र, शेजारी मालक, आणि मागे सुमेधाच्या गाडीत आम्ही दोघी, लुकलुकणारे दिवे लावून. लेरॉयची शेड जवळच, पण रस्ता संपेना. मागून येणारे भोंगे वाजवून पुढे जायचे. एका पिकअपमधल्या पोरांनी मुद्दाम आमच्या पुढ्यात काळ्या धुराचा लोट सोडला आणि काच खाली करून ओरडले. लेरॉयचं कुत्रं ट्रकच्या पुढे धावत होतं. थोडं धावून थांबायचं, मागे वळून बघायचं, आणि ट्रक येईपर्यंत रस्त्यात बसायचं. उसाच्या हंगामात पुरुषोत्तमरावांच्या गाडीच्या आडवं कुत्रं बसलं नव्हतं कधी.

शेडमध्ये तो माणूस तयारच होता. मोठा, लाल दाढीचा, तोंडात काहीतरी चघळणारा. ट्रकखाली फळीवर आडवा होऊन त्याने खडूने नळीवर दोन रेघा मारल्या. रवींद्रने डोक्यावरची कंपनीची टोपी काढली, घडी करून खिशात घातली. टोपीला काय कळणार होतं. त्या माणसाने खालून विचारलं, नक्की ना, एकदा कापलं की परत नाही. रवींद्र म्हणाला, "गो अहेड."

कटर फिरायला लागला. पहिली ठिणगी उडाली. पुरुषोत्तमराव खोकायला लागले, पत्र्याला हात टेकवून, वाकून. मला वाटलं आता हा खोका लांबणार आणि तेवढ्यात नळी कापून होणार. तेच त्यांना बरं पडलं असतं.

त्यांनी खोकला मध्येच गिळला.

"रवी, थांबव त्याला."

"आता काय, बाबा?"

"टाकीत पाणी हाय."

"काय?"

"निळ्या टाकीत. मी घातलंय. दसऱ्याला. बादलीभर, अन् गडूतलं."

रवींद्रने हात वर केला. कटर थांबला.

"पाणी? त्याच्यात पाणी का घातलंत?"

"तूच म्हणालास. एक प्रकारचं पाणी."

रवींद्र निळ्या टाकीपाशी जाऊन झाकणावर हात ठेवून उभा राहिला. लेरॉयने विचारलं की म्हातारा काय म्हणतोय. रवींद्र त्याच्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाला, "ही थिंक्स द फ्लुइड इज बॅड."

"आय टोल्ड यू दॅट," लेरॉय म्हणाला.

एवढं त्याने बापासाठी केलं. बादलीचं नाव घेतलं नाही. मालकांना इंग्रजी येत नव्हतं, पण कुणी हसलं नाही हे त्यांना कळलं.

लाल दाढीवाला फळीवरून बाहेर आला, खडूच्या रेघा अंगठ्याने पुसल्या आणि निघून गेला. नळीवर एक बारीक खाच राहिली. रवींद्रने टाकी उपसली. बादलीत आलं ते पाण्यासारखंच दिसत होतं. मी वास घेतला, कृष्णेचा नव्हता, गोठ्याचा होता. टाकी धुऊन त्याने नवे कॅन ओतले. मग लॅपटॉप घेऊन बसला, आणि संध्याकाळपर्यंत ट्रकने त्याला माफी दिली. दिवा विझला.

त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, त्यानंतरही, जमीन टणक होत होती तोवर त्यांनी बीट वाहिलं. लेरॉयने आपला धुराचा ट्रकही लावला. बहुतेक पोचलं. वाऱ्याकडच्या कडेच्या सरींतलं बीट राहिलं. ते गोठलं, दोन दिवसांच्या उन्हात सुटलं आणि शेंबडासारखं झालं. ढिगावरच्या माणसाने शेवटची गाडी बघून मान हलवली आणि परत पाठवली. पण पाळी राहिली. लेरॉयचा शब्द राहिला. रवींद्रने फोन करून ऋताला सांगितलं, "वी मेड इट."

पुढच्या आठवड्यात रवींद्र नोव्हायहून आला तो एक झाकण घेऊन. निळंच, पण किल्लीचं. दुकानात मिळतं म्हणे, टाकीत कुणी चुकून डिझेल घालू नये म्हणून. त्याने ते बसवलं, किल्ली फिरवून ओढून बघितलं आणि किल्ली खिशात टाकली. मालक पायरीवर बसून बघत होते.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सेफ्टी, आई. कुणीही काही घालू नये."

कुणीही. त्या शेतावर आमच्याशिवाय कुणी कुणी नव्हतं. शेडमध्ये लेरॉयपुढे बापाची लाज झाकली आणि घरी आणून तिला कुलूप लावलं. शिकलेल्या माणसाला माफ करता येत नाही, त्याला फक्त सिस्टिम सुधारता येते. मी म्हटलं, "अजून एक कर. दाराला पण लाव." तो समजला नाही. "दाराला आहे ना," म्हणाला.

त्या दिवसापासून मालक ट्रककडे गेले नाहीत. लेरॉय यायचा, भोंगा वाजवायचा, आपल्या ट्रककडे बोट करायचा. हे पायरीवरून हात हलवायचे. बर्फ पडायला लागलं तसा खोकला खाली उतरला. आम्हाला नोव्हायला नेलं. तिथल्या दवाखान्यात नळ्या लावल्या, आणि यंत्राला जोडलेली एक चिमटी बोटाला. श्वास कमी झाला की ते वाजायचं. नर्स यायची, बटण दाबून आवाज बंद करायची.

"हे पण तुझंच का रे?" मालकांनी रवींद्रला विचारलं.

"नाही, बाबा."

"खरं बोलतंय मात्र."

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी रवींद्र ट्रक इकडेच घेऊन आला, कसल्या तरी तपासणीसाठी. मालक दोन दिवसांसाठी घरी होते. त्यांना स्वेटर, कोट, टोपी चढवून रवींद्रने अंगणात नेलं. निळी टाकी भरायची होती. त्याने किल्ली काढून बापापुढे धरली.

"तुम्ही उघडा, बाबा."

मालकांनी किल्लीकडे बघितलं, मग झाकणाकडे. हात कोटाच्या खिशातून बाहेर काढला नाही.

"तुझी गाडी, तुझं कुलूप," म्हणाले. "मी आपला कॅन धरतो."

कॅन जड होता. रवींद्रने खालून आधार दिला होता, तो मालकांना दिसला नाही, किंवा दिसला असेल. ओतताना एक थेंब सांडला नाही. मग त्यांनी धुराच्या नळीत हात घातला, तळवा बघितला, कोरा होता, तो कोटाला पुसला आणि आत आले.

कुलूप अजून त्या टाकीला आहे. किल्ली रवींद्र मला देत होता, मी घेतली नाही.

पुरुषोत्तमराव नोव्हायच्या घरी वारले, दोन हजार पंचवीस सालच्या फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, रविवारी सकाळी, चहा व्हायच्या आत.